लीफ्सची मॅच बफेलोत बघायची तर तिकिटाआधी परतीचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिसिसॉगाचं कुटुंब, नवरा-बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा, कॅनडाचं पीआर, म्हणजे कायमचं रहिवासीपण, झालंय पण पासपोर्ट अजून भारताचेच. पोराला शाळेतल्या मित्रांमुळे मेपल लीफ्सचं, म्हणजे टोरांटोच्या आईस हॉकी टीमचं, वेड लागलंय, टोरांटोत तिघांच्या तिकिटांचा आकडा बघून डोळे पांढरे झाले, आणि ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं की सीमेपलीकडे अमेरिकेत बफेलोला जा, लीफ्स तिकडे खेळायला जातात तेव्हा स्वस्तात काम होतं. तर खरंच स्वस्त पडतं का, जायचं कसं, आणि परक्या टीमच्या घरात निळी जर्सी घालून पोराला घेऊन बसलं तर काही त्रास होईल का.

मी बरीच वर्षं लीफ्सच्या मागे बफेलो, ऑटवा, मॉन्ट्रियल, डेट्रॉइट असा फिरतोय, घरचे याला नसता उद्योग म्हणतात, म्हणूदेत. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी व्हिसा. हे पहिलं यासाठी की लोक तिकिटं काढून मोकळे होतात आणि मग विचारतात पीआर कार्डावर पलीकडे जाता येतं ना. नाही येत. कॅनडाचा पासपोर्ट असेल तर विषय संपला, पण भारतीय पासपोर्टवर तिघांनाही अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा, म्हणजे तो बी-वन बी-टू, लागतोच, पोरगा लहान आहे म्हणून सूट नाही. नसेल तर अपॉइंटमेंट मिळायलाच महिने जाऊ शकतात, त्यामुळे या सीझनला बफेलो विसरा आणि खाली ऑटवाचं लिहिलंय तिथे उडी मारा. व्हिसा असेल तरी गाडीने जाताना आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा फॉर्म, लागतो, तो सात दिवस आधीपर्यंत ऑनलाइन भरून फी भरता येते. भरला तरी सीमेवरच्या पुलावर गाडी बाजूला लावून आत जावं लागतंच, बोटांचे ठसे, फोटो, दोन-चार प्रश्न. पण फॉर्म भरलेला असला की आतला वेळ बराच वाचतो. अधिकाऱ्याने जेवढी मुदत दिली तेवढ्यात साधारण तोच आय-९४ पुढच्या खेपेलाही चालतो, म्हणून सीझनच्या सुरुवातीला एकदा काढला की पुढचं सोपं जातं. पीआर कार्डं तिघांची बरोबर ठेवा, परत येताना तीच दाखवायची आहेत. वहिनी येणार नसतील आणि तुम्ही एकटेच पोराला नेणार असाल तर त्यांच्या सहीचं संमतीपत्र न्या, दर वेळी विचारतात असं नाही पण विचारलं आणि नसलं तर तासभर तिथेच बसाल.

आता स्वस्ताचं. स्वस्त पडतं, पण स्क्रीनवर दिसतं तेवढं नाही. एक तर ते डॉलर अमेरिकन, शंभर दिसले की मनात एकशे पस्तीस-चाळीस धरायचे, वर बहुतेक क्रेडिट कार्डं परकीय चलनाचे अडीच टक्के लावतात. दुसरं म्हणजे बफेलोवाल्यांना पक्कं माहितीय की टोरांटोहून गाड्या भरून लोक येतात, त्यामुळे सेबर्सच्या, म्हणजे बफेलोच्या टीमच्या, सगळ्या मॅचमधे लीफ्सची मॅच महागड्या गटात असते, त्याच सीटवर दुसरी एखादी टीम निम्म्या भावात दिसेल. त्यात पेट्रोल, पुलाचा टोल, पार्किंग, आय-९४, फोनचं रोमिंग, आणि तिघांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स घाला. इन्शुरन्स टाळू नका हो, ओहिप, म्हणजे ओंटारिओचा सरकारी आरोग्य विमा, अमेरिकेत जवळजवळ काही देत नाही आणि बर्फावर पाय घसरून मनगट मोडणं हे तिथे जानेवारीत कुणालाही होऊ शकतं. हे सगळं धरूनही जाऊन-येऊन एका दिवसात केलंत तर तिघांचं टोरांटोपेक्षा कमी होतं. हॉटेल घेतलंत तर फरक बहुतेक गेलाच. म्हणून पैसे वाचवायला जायचं असेल तर जरा थांबून विचार करा. खालच्या रांगेत बसून लीफ्स जवळून बघायला जायचं असेल तर मात्र डोळे मिटून जा, कारण टोरांटोत ज्या पैशात छताला डोकं लागतं त्या पैशात इथे बऱ्यापैकी खाली बसता येतं. आणि टोरांटोत खालच्या सीट बऱ्याचशा कंपन्यांच्या, सुटातले लोक दुसऱ्या पीरियडची पाच मिनिटं झाली तरी आत सूप पीत असतात, तर अवे गेमला, म्हणजे दुसऱ्या टीमच्या घरच्या मॅचला, आलेला लीफ्सवाला तीन तास गाडी हाकून आलेला असतो, तो ओरडायलाच आलेला असतो. मला विचाराल तर खरी मजा ती आहे.

कुठली मॅच घ्यायची. एनएचएलचं, म्हणजे या हॉकी लीगचं, वेळापत्रक साधारण जुलैत येतं, सीझनमधल्या निम्म्या मॅच घरी आणि निम्म्या बाहेर अशी विभागणी असते, आणि बफेलो, ऑटवा, मॉन्ट्रियल, डेट्रॉइट, बोस्टन सगळे लीफ्सच्याच अटलांटिक डिव्हिजनमधे असल्यामुळे दर वर्षी यांच्याकडे एक-दोनदा जाणं होतंच. वेळापत्रक आलं की बफेलोच्या तारखा बघा. शनिवार रात्रीची मॅच सगळ्यांनाच हवी असते, ती सोडा. मंगळवार-गुरुवारची तिकिटं उतरतात पण तुम्हाला दुपारी एक-दीडलाच निघावं लागेल, पोराची अर्धी शाळा आणि तुमची अर्धी रजा. सगळ्यात भारी म्हणजे दुपारची मॅच मिळाली तर, अमेरिकन सुट्टीच्या दिवशी किंवा वीकेंडला कधी कधी असतात, जेवायच्या वेळेला घरी. आणि अजून एक, मॅच बॅक-टू-बॅक आहे का बघा, म्हणजे आदल्या रात्री लीफ्स दुसरीकडे खेळलेत का. तसं असेल तर दुसऱ्या रात्री बहुतेक वेळा बॅकअप गोली, म्हणजे राखीव गोलकीपर, उभा असतो, आणि पोरगा गोलीचा फॅन असेल तर वाटेत रडारड.

हवामान हा विषय बफेलोत फार सिरियसली घ्यायचा. ईरी लेकवरून वारा आला की अर्ध्या तासात समोरची गाडी दिसेनाशी होते, आणि हा बर्फाचा पट्टा इतका अरुंद असतो की शहरात ऊन आणि पंधरा किलोमीटर दक्षिणेला कंबरभर बर्फ असंही होतं. नोव्हेंबर-डिसेंबरमधे लेक अजून गोठलेला नसतो तेव्हा हे जास्त. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात तर गाडी बाहेर काढायलाच बंदी होती, सेबर्सची टँपा बेबरोबरची मॅच पुढे ढकलली. पुढे ढकललेल्या मॅचचं तिकीट नव्या तारखेला चालतं, पण हॉटेलचे पैसे आणि तुमची रजा कोण परत देणार. म्हणून माझा नियम, ऑक्टोबरमधली नाहीतर मार्च-एप्रिलमधली तारीख घ्यायची, आणि मधली घेतलीच तर तिकीट अगदी शेवटी काढायचं. अकबर-बिरबलाच्या खिचडीसारखं महिनाभर त्या तिकिटावर नजर लावून बसण्यात अर्थ नसतो, रिसेलचे भाव साधारण मॅचच्या दिवशी दुपारनंतर घसरायला लागतात, कारण ज्यांच्याकडे उरलेली असतात त्यांना ती पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, पडून मॅच सुरू व्हायच्या आत खपवायची असतात. तिघांच्या सीट शेजारी-शेजारी हव्या असतील तर मात्र फार ताणू नका, आदल्या दिवशी घेऊन टाका, शेवटी उरतात त्या बहुतेक दोन-दोनच्या जोड्या.

सीट कुठली हे कुणी सांगत नाही म्हणून नीट सांगतो. आईस हॉकीत तीन पीरियड, वीस-वीस मिनिटांचे, आणि प्रत्येक पीरियडला बाजू बदलतात. पहिल्या आणि तिसऱ्या पीरियडला प्रत्येक टीमचा गोली आपल्या बेंचच्या बाजूच्या नेटमधे असतो, दुसऱ्यात उलटं. म्हणजे पाहुणी टीम पहिल्या आणि तिसऱ्या पीरियडला घरच्या टीमच्या बेंचच्या बाजूला अटॅक करते. तुम्हाला लीफ्सचे गोल जवळून बघायचेत ना, मग घरच्या टीमच्या बेंचकडच्या टोकाला तिकीट घ्या, तीनपैकी दोन पीरियड मॅथ्यूज आणि नीलँडर तुमच्याकडे तोंड करून येतील. तिकिटाच्या नकाशावर कुठली टीम त्या टोकाला दोनदा शूट करते ते बरेचदा लिहिलेलं असतं. पण वॉर्म-अपला हे उलटं, तेव्हा प्रत्येक टीम आपल्या बेंचच्या बाजूलाच असते, म्हणून वॉर्म-अपच्या वेळी तुम्ही चालत दुसऱ्या टोकाला जायचं. बफेलोच्या अरिनाच्या, म्हणजे कीबँक सेंटरच्या, तीनशेच्या सेक्शनमधल्या वरच्या रांगा फार उभ्या आहेत, जिना उतरताना मोठ्या माणसाचेही गुडघे लटपटतात, पोराला घेऊन असाल तर शंभरच्या सेक्शनच्या मागच्या रांगा बघा.

वॉर्म-अप ही पोरासाठी अर्धी मॅच आहे. मॅचच्या वेळेच्या साधारण अर्धा तास आधी दोन्ही टीम बर्फावर येतात आणि पंधरा-सोळा मिनिटं असतात. बहुतेक अरिनात तेवढा वेळ कुणालाही खाली काचेपर्यंत जाऊ देतात, तिकीट वरचं असलं तरी, फक्त दारावरच्या माणसाला विचारायचं आणि संपलं की निमूट वर यायचं. काचेला नाक लावून उभं राहिलं की टीव्हीवर कधी न कळलेली गोष्ट कळते ती म्हणजे आवाज, स्केटच्या पात्याचा करकर आवाज, आणि पक बोर्डाला आदळला की छातीत धक्का बसतो. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून न्या, पोराचा पहिला अवे गेम आहे एवढं पुरे, लहान पोरं दिसली की प्लेअर कधी कधी काचेवरून पक टाकतात. टाकलाच तर तो कुणासाठी टाकलाय ते बोटाने दाखवतात, मधेच हात घालणारे काके असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

रस्ता. टोरांटो ते बफेलो साधारण १६० किलोमीटर, मिसिसॉगाहून त्याहून कमी, क्यूईडब्ल्यू हायवे धरायचा आणि सरळ. कागदावर पावणेदोन तास, खरं बर्लिंग्टनच्या आसपास आणि स्कायवेवर अडकून दोन-सव्वादोन, त्यात पूल वेगळा. पीस ब्रिज अरिनाला सगळ्यात जवळ, उतरल्यावर दहा मिनिटांत पोचता, पण सगळ्यांनाच तो जवळ असल्यामुळे मॅचच्या दिवशी रांग. लुइस्टन-क्वीन्स्टन पूल उत्तरेला आहे, तिथून खाली यायला अर्ध्या तासापेक्षा थोडं जास्त, पण कधी कधी तिथे पाच मिनिटं आणि पीस ब्रिजला पन्नास असं असतं, म्हणून सेंट कॅथरिन्स आलं की बाजूला बसलेल्याने फोनवर दोन्हीकडचे वेट टाइम बघायचे, तिथे निर्णय घ्यायचा, पुढे गेलात की गेलात. रेनबो ब्रिज नायगराच्या टुरिस्टांसाठी सोडा. व्हर्लपूल पूल फक्त नेक्सस कार्डवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांची आधीच तपासणी झालेली असते त्यांच्यासाठी. अधिकारी विचारतो कुठे चाललात, मॅचला म्हणायचं, तिकीट दाखवा म्हणाला तर दाखवायचं, मोजकं आणि खरं बोलायचं. डब्यात पोळी-भाजी चालते, संत्री-केळी आणि चिकन-मटण नेऊ नका, विचारलं तर आहे ते सांगून टाका.

तिकीट फोनमधे असतं आणि त्याचा बारकोड सतत बदलत राहतो, स्क्रीनशॉट काढून ठेवलात तर दारावर चालणार नाही. पूल ओलांडायच्या आधी, कॅनडाचं नेटवर्क असतानाच, तिघांचीही तिकिटं फोनच्या वॉलेटमधे घालून ठेवा. बॅग शक्यतो नेऊच नका, प्रत्येक अरिनाचा बॅगचा नियम वेगळा आणि दर वर्षी बदलतो, पोराचं जॅकेट खिसेवालं असलं की झालं.

बफेलोत पोचलात की गाडी अरिनाला चिकटून लावायचा हट्ट धरू नका. मेन स्ट्रीटवरची मेट्रो रेल डाउनटाउनमधे जमिनीवरून चालते तेवढ्या भागात फुकट आहे, थोडं वर गाडी लावून ट्रॅमने खाली यायचं, परत जाताना हायवेला लागायलाही तेच सोपं. वेळ असेल तर अरिनाच्या बाजूला टिम हॉर्टनचा पुतळा आहे तो पोराला दाखवा. कॅनडातल्या कॉफीच्या दुकानांवर ज्याचं नाव असतं तो टिम हॉर्टन हा खरा हॉकीपटू होता हे आपल्याकडच्या कित्येकांना माहितीच नसतं. लीफ्सबरोबर चार स्टॅनली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, त्यातला शेवटचा १९६७ चा, त्यानंतर लीफ्सला एकही मिळालेला नाही हे तुम्हाला एव्हाना सगळ्यांनी ऐकवलंच असेल. करिअरच्या शेवटी तो बफेलोकडून खेळत होता. फेब्रुवारी १९७४ मधे टोरांटोत मॅच खेळून रात्री एकटा गाडीने बफेलोला परत चालला होता आणि सेंट कॅथरिन्सजवळ क्यूईडब्ल्यूवर अपघातात गेला. तुम्ही रात्री ज्या रस्त्याने परतणार आहात तोच रस्ता, फक्त दिशा उलटी. म्हणून म्हणतो, तिकिटाआधी परतीचं ठरवा. सातची मॅच साडेनऊ-पावणेदहाला सुटते, ओव्हरटाइम झाला तर अजून, पार्किंग, मग पूल, मग दीड तास अंधार. दोघांना गाडी येत असेल तर एकाने मॅचमधे बिअरला हात लावायचा नाही आणि दुपारी झोप काढून यायचं. एकच चालवणारा असेल आणि सकाळी सातला उठलेला असेल तर पलीकडे नायगरा फॉल्स, ओंटारिओमधे स्वस्तातलं हॉटेल बघून ठेवा, पूल ओलांडून अर्ध्या तासात पलंग, सीझनबाहेर तिथले भाव बरेच उतरलेले असतात.

परत येताना अजून एक बारीकसारीक, चोवीस तासांच्या आत परत आलात तर बाहेरून आणलेल्या मालावर टॅक्सची काही सूट नसते, चोवीस तास झाले की माणशी २०० डॉलर, अठ्ठेचाळीस झाले की ८००. तिथे जर्सी घेतलीत तर सांगून टाका, बरेचदा हात हलवून जाऊ देतात पण लपवलेलं सापडलं तर महागात पडतं.

त्रासाचं विचारलंत. बफेलोत लीफ्सच्या मॅचला निळ्या जर्सी इतक्या असतात की घरची टीम कुठली असा प्रश्न पडावा. बफेलोत समोर कुठलीही टीम असो, दोन्ही देशांची राष्ट्रगीतं होतात, आणि ओ कॅनडा चालू झालं की वरच्या सेक्शनमधून जो आवाज येतो तो टोरांटोतही ऐकायला मिळत नाही. एकीकडे गो लीफ्स गो, लगेच त्याच्यावर लेट्स गो बफेलो, हा कल्ला रात्रभर. टोमणे मारतात, १९६७ काढतात, ते हसून घ्यायचं. तिसऱ्या पीरियडला बिअर चढलेला एखादा भेटतो, तोंडाला लागू नका, सीटच्या सेक्शनजवळ उभ्या असलेल्या अशरला हळूच सांगा, नाहीतर अरिनाचा टेक्स्ट करायचा नंबर पाटीवर असतो. पोराला दिसेल अशी भांडणं बहुतेक बर्फावरच होतात, त्याला तसं आधी सांगून ठेवा. आणि खेळ चालू असताना सीटवरून उठायचं नाही, शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं, हा नियम आपल्या लोकांना सांगावा लागतो कारण क्रिकेटला दर ओव्हरला उठायची सवय.

आता ऑटवा, ज्यांना व्हिसा नाही त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला बफेलोपेक्षा जास्त आवडतं. ४०१ हायवेने पूर्वेला, मग ४१६, मग ४१७, साडेचार तास, जास्तच. तिथलं अरिना, कॅनेडियन टायर सेंटर, ऑटवाच्या डाउनटाउनमधे नाहीये, शहराच्या पश्चिम टोकाला कनाटात शेतांच्या मधे आहे, तेव्हा हॉटेल डाउनटाउनमधे न घेता कनाटातच घ्या. सेनेटर्स, म्हणजे ऑटवाची टीम, लीगमधे आले १९९२ ला, त्याआधी त्या भागातले लोक लीफ्स किंवा मॉन्ट्रियलचेच, म्हणून तिथे आजही आजोबा निळ्या जर्सीत आणि नातू लाल जर्सीत असं शेजारी बसलेलं दिसतं. ऑस्टन मॅथ्यूजने एनएचएलच्या पहिल्याच मॅचमधे चार गोल मारले ते याच अरिनात, १२ ऑक्टोबर २०१६ ला, आणि तरी लीफ्स ओव्हरटाइममधे ५-४ हरले, यापेक्षा जास्त लीफ्सपणा काय असू शकतो. तिथली एकच कटकट, मॅच सुटल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायला पाऊण तास सहज. गाडीत बसून डबा उघडा, घाई करू नका, सगळे तिथेच आहेत. हॉटेल चालत जाण्यासारखं असेल तर सोन्याहून पिवळं.

मॉन्ट्रियल सगळ्यात शेवटी करा. तिथलं अरिना, बेल सेंटर, लीगमधलं सगळ्यात मोठं, २१ हजारांच्या आसपास माणसं, मेट्रो थेट पायाखाली, रेल्वे स्टेशनही चालत, गाडीची गरजच नाही, व्हिया रेलने पाच-साडेपाच तासांत पोचता. पण तिकीट टोरांटोच्या तोडीचं, आणि तिथे निळे लोक कमी असतात, टोमणे फ्रेंचमधून. शाकाहारी असाल तर पूटीन, म्हणजे चीज आणि ग्रेव्ही घातलेले फ्राइज, घेताना त्यावरची ग्रेव्ही कशाची आहे ते विचारा, बहुतेक ठिकाणी मांसाच्या रसातलीच असते.

प्लेऑफचं, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांचं, मनात असेल तर ते वेगळंच गणित. टँपामधे एप्रिल २०२३ ला लीफ्सच्या तव्हारेसने ओव्हरटाइममधे गोल मारून २००४ नंतरची पहिली सिरीज जिंकून दिली, तेव्हा तिथे गेलेल्यांचं नशीब बघून आम्ही इथे जळत होतो. पुढच्या राउंडला समोरच्या फ्लोरिडा पँथर्स टीमने तिकिटं फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांनाच विकायची ठरवली, कार्डाचा पत्ता बघून. असं कुठलीही टीम करू शकते, म्हणून प्लेऑफच्या अवे गेमसाठी विमानाचं तिकीट आधी काढून बसू नका.

तुमच्यासाठी मी व्हिसा असेल तर मार्चमधली बफेलोची दुपारची मॅच बघेन, नसेल तर ऑटवाची शनिवारची आणि कनाटात एक रात्र. तिघांच्या पासपोर्टवर व्हिसा आहे का आणि गाडी दोघं चालवता का एकच, एवढं सांगा, मग वेळापत्रक उघडून नेमकी तारीख सुचवतो.